तीन हजार अस्वलांची मागणी

आम्ही लहानपणी ज्या वाड्यात राहत होतो, त्या वाड्याच्या मागल्या चौकात एक कुटुंब आकाशकंदील करीत असे. आजोबा कामट्या तासीत, थोरला मुलगा सांगाडे बांधी, घरातल्या बायका खळ शिजवून पतंगी कागद चिकटवीत आणि झिरमिळ्या कापण्याचे काम आम्हां पोरांकडे असे. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत दीडदोनशे कंदील होत आणि ते पेठेतल्या पेठेतच खपत. एका वर्षी कोणा मोठ्या दुकानदाराने त्यांच्याकडे दोन हजार कंदिलांची मागणी केली व हातावर आगाऊ रक्कमही ठेवली. त्या दिवशी वाड्यात पेढे वाटले गेले. पुढले वीस दिवस त्या घरात कोणी धड जेवले नाही की झोपले नाही. सासरच्या-माहेरच्या नातलगांना बोलावले, शेजाऱ्यांना बसविले. कामट्या वाळायला वेळ नव्हता म्हणून ओल्याच वापरल्या; खळ पातळ झाली; नवशिक्यांनी बांधलेले सांगाडे तिरपे झाले. दुकानात नेऊन टांगले तर तिसऱ्या दिवशी कोपरे उकलू लागले. निम्मे कंदील परत आले. वसुबारसेच्या दिवशी चौकात त्यांचा ढीग पडला होता आणि आगाऊ घेतलेली रक्कम कागदात व बोलावलेल्या मंडळींच्या खाण्यापिण्यात केव्हाच संपली होती. भाऊभाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. पुढल्या वर्षी त्या घरात कंदील झाले नाहीत.

तेजीने बुडालेली अशी घरे बहुतेकांच्या पाहण्यात असतील. मंदीत धंदा बुडाला तर लोक हळहळतात. तेजीत बुडाला तर त्यांना ते खरेच वाटत नाही, आणि मागाहून ते हसतात. इतिहास लिहिणाऱ्यांनीही ह्या प्रकाराकडे फारसे लक्ष पुरविलेले नाही. कारखानदारीचा इतिहास म्हटला की वाफेचे यंत्र, सूतगिरण्या आणि आगगाड्या ह्यांचीच वर्णने यायची. पण हाताने वस्तू करणाऱ्या एखाद्या घरावर एकाएकी शंभरपट मागणी येऊन कोसळली, तर ते घर कोणती कामे हातची सोडते आणि कोणती प्राण गेला तरी सोडीत नाही, हे पाहायचे असेल तर एखादे घरच धरून पाहावे लागते. आम्ही येथे असेच एक घर निवडले आहे. ते जर्मनीतले आहे. त्याची कीर्ती तुमच्याआमच्या घरांतल्या मुलांच्या अंथरुणापर्यंत पोचलेली आहे, मात्र त्या घराचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते.

दक्षिण जर्मनीत व्ह्युर्टेम्बर्ग नावाचे राज्य होते. त्यात ब्रेंत्स नदीच्या काठी गिंगेन हे लहानसे गाव आहे. तेथे इमारती बांधण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थाच्या घरी २४ जुलै १८४७ रोजी मार्गारेट श्टाइफ हिचा जन्म झाला. चार भावंडांत ही तिसरी. दीड वर्षाची असताना तिला ताप भरला आणि त्या तापाने दोन्ही पाय कायमचे नेले. उजवा हातही अधू झाला. ज्याला आपण आज पोलिओ म्हणतो तोच हा रोग. आईबापांनी वैद्य केले, उन्हाळ्यांवर नेऊन स्नाने घालविली, पण गुण आला नाही. शाळेत जायचे तर भावंडे आणि शेजारची मुले तिला हातगाडीत बसवून ओढीत नेत. अशा मुलीने शिवण शिकण्याचा हट्ट धरला आणि सतराव्या वर्षी शिवणशाळेतले शिक्षण पुरेही केले. झिथर नावाचे एक तंतुवाद्य तिला चांगले वाजविता येई. त्याच्या शिकवण्या करून तिने थोडे पैसेही मिळविले.

पुढे घरात शिवणयंत्र आले. गिंगेन गावात आलेले ते पहिलेच यंत्र होते म्हणतात. यंत्राचे चाक उजव्या हाताला असते, आणि हिचा उजवा हात चाक फिरविण्याजोगा नव्हता. तेव्हा तिने यंत्रच उलटे फिरवून मांडले आणि डाव्या हाताने चाक फिरवू लागली. ह्या बाईचा पुढला सारा व्यवहार ह्या एवढ्याशा गोष्टीत आम्हांस दिसतो. जे हातून होणार नाही त्याच्याशी झगडत बसायचे नाही, आणि जे आपल्यालाच केले पाहिजे ते दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाही, ही तिची रीत होती.

१८७७ साली मार्गारेटबाईंनी फेल्टच्या कपड्यांचे छोटे दुकान काढले. फेल्ट म्हणजे लोकर न विणता, दाबून केलेले जाड कापड. आपल्याकडचा बुरणूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते निराळे समजावून सांगायला नको. आईच्या माहेरच्या मंडळींचा फेल्टचा कारखाना होता, त्यामुळे माल जवळच मिळे. ह्या कापडाचा एक गुण असा, की कापल्यावर त्याच्या कडेचे दोरे सुटत नाहीत. काठ दुमडून घालायची गरज नसल्यामुळे लहान व वाकड्यातिकड्या आकाराचे तुकडेही सहज शिवता येतात. बाई फेल्टचे परकर व मुलांचे कोट करीत. मागणी वाढली तशा शिवणाऱ्या बाया ठेवल्या, आणि काहींना घरी शिवण्यासाठी काम देऊ लागल्या. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे सगळे घर ह्याच एका सवयीवर तरले.

१८७९ च्या डिसेंबरात एका शिवणाच्या मासिकात लहानशा हत्तीचा नमुना आला होता. त्यावरून बाईंनी फेल्टचे हत्ती शिवले, आत लोकर भरली, आणि टाचण्या टोचण्याच्या गाद्या म्हणून त्या आप्तेष्टांना भेट दिल्या. घरोघरच्या मुलांनी त्या गाद्या आईच्या शिवणाच्या पेटीतून पळविल्या. हत्ती टाचण्यांसाठी नसून आपल्यासाठी आहे, हा शोध मुलांचा. बाईंनी तो मान्य केला एवढेच. धाकटा भाऊ फ्रिट्स ह्याने पोतेभर हत्ती जवळच्या हायडेनहाइमच्या बाजारात नेले आणि तो रिकामे पोते व नव्या मागण्या घेऊन परत आला, असे सांगतात. १८८६ पर्यंत पाच हजारांवर हत्ती खपले होते. मग माकडे, गाढवे, घोडे, उंट, डुकरे अशी सारी जत्राच भरली. १८९० साली भावाने बहिणीसाठी नवे घर बांधले. खाली दुकान, आणि चाकांच्या खुर्चीवरून जाता यावे म्हणून घराला उतरण. १८९३ साली फेल्टच्या खेळण्यांचा कारखाना म्हणून सरकारदरबारी नोंद झाली.

ही वाढ झाली खरी, पण तिला बारातेरा वर्षे लागली. एवढ्या अवधीत माणूस बरेच शिकतो. प्रत्येक नव्या खेळण्याचा पहिला नमुना स्वतः तपासल्यावाचून तो विक्रीला जाऊ द्यायचा नाही, हा बाईंचा नियम ह्याच काळात पडला. मुलांच्या हाती जे द्यायचे ते उत्तमच असले पाहिजे, त्याहून उणे काही चालणार नाही, अशा अर्थाचे ब्रीद त्या घराने आपल्या मालाच्या याद्यांवर छापले ते ह्याच सुमारास. ब्रीदवाक्ये पुष्कळ दुकानांवर असतात. येथे फरक इतकाच, की ते पाळले जाते की नाही हे पाहायला एक बाई दिवसभर खुर्चीत बसून होती आणि ती उठून दुसरीकडे कोठे जाण्यासारखी नव्हती.

बाईंनी लग्न केले नाही. फ्रिट्सला मात्र पुष्कळ मुले होती. त्यांतले पुतणे एकामागून एक आत्याच्या धंद्यात आले. त्यांत आमच्या कथेच्या दृष्टीने महत्त्वाचा रिखार्ड. हा श्टुटगार्टला कलाकौशल्याच्या शाळेत शिकला. तेथील प्राणिसंग्रहालयात जाऊन तो जनावरांची, विशेषतः अस्वलांची चित्रे काढीत बसे. १८९७ साली तो आत्याच्या हाताखाली रुजू झाला, आणि १९०२ साली त्याने एक अस्वल तयार केले. मोहेर म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांचे मऊ, लोंबत्या लवेचे कापड घेऊन त्याने ते शिवविले. ते बसलेले असता ५५ सेंटिमीटर भरे आणि त्याचे हातपाय व मान हलत. पोटातून दोऱ्या ओवून ते अवयव जोडलेले होते. आत्याला ते फारसे पसंत पडले नाही म्हणतात. जड आहे, महाग पडते, असे तिचे म्हणणे. आमच्या मते आत्याचे म्हणणे बरोबर होते, आणि पुतण्याचेही बरोबर होते.

इकडे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेत एक प्रसंग घडला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीच्या रानात शिकारीला गेले असता बरोबरच्या मंडळींनी एक अस्वल धरून झाडाला बांधले आणि त्यांना गोळी घालायला सांगितले. त्यांनी नाही म्हटले. वॉशिंग्टनच्या एका दैनिकात क्लिफर्ड बेरीमन ह्या चित्रकाराने त्यावर व्यंगचित्र काढले आणि ते देशभर गाजले. ब्रुकलिनमधल्या मिश्टम नावाच्या दुकानदार दांपत्याने कापडी अस्वल करून खिडकीत ठेवले व त्याला राष्ट्राध्यक्षांचे लाडके नाव दिले, ‘टेडी’. गिंगेनमध्ये ह्यातले काहीच ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दोन ठिकाणी, एकमेकांना न कळत, एकाच वेळी अस्वल जन्माला आले. इतिहासात असे योगायोग येतात तेव्हा फार तर्क लढवू नये.

१९०३ च्या वसंतात लाइप्त्सिगच्या जत्रेत रिखार्डचे अस्वल मांडले होते. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. जत्रा उठायच्या बेताला आली तेव्हा एका अमेरिकन पेढीचा खरेदीदार तेथे आला. त्याला मुलांसाठी काहीतरी मऊ व नवे हवे होते. त्याने जे होते ते सारे घेतले आणि तीन हजार अस्वलांची मागणी नोंदविली. त्या घराची परंपरागत कथा अशी आहे, आणि तिच्यातला तपशील थोडा इकडेतिकडे झाला असला तरी पुढे जे घडले त्यात शंकेला जागा नाही. दुसऱ्याच वर्षी सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात बारा हजार अस्वले खपली आणि आत्या व पुतण्या दोघांनाही सुवर्णपदके मिळाली. १९०७ साली गिंगेनहून बाहेर पडलेल्या अस्वलांची संख्या होती ९,७४,०००. इतर खेळणी धरून त्या वर्षीचा आकडा सुमारे १७ लाखांचा होतो.

ह्या आकड्याचा आम्ही थोडा हिशेब करून पाहिला. वर्षाचे कामाचे दिवस तीनशे धरले तर रोजची अस्वले सव्वातीन हजारांच्या घरात जातात. म्हणजे १९०३ साली ज्या मागणीने गिंगेन गाव अचंब्यात पडले, ती चार वर्षांनी एका दिवसाचे काम होऊन बसली. आता ह्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा. त्या वर्षी कारखान्यात ४०० माणसे होती आणि घरी बसून काम करणारी १,८०० होती. सतरा लाख खेळण्यांना बावीसशे माणसांनी भागले तर दर माणशी दर दिवशी जेमतेम अडीच खेळणी होतात. थोडा अपूर्णांक वर राहतो इतकेच. यंत्रयुगाच्या ऐन भरात हे चालले होते हे लक्षात घ्यावे. शिवणयंत्रे होतीच, पण माल वाढला तो मुख्यतः हात वाढवून वाढला.

तसे करण्याखेरीज गत्यंतर नव्हते, हे एक अस्वल कसे होते ते पाहिले म्हणजे कळते. लवेचे कापड उलट्या बाजूने असे कापावे लागते की पाठ कापली जावी पण लव तुटू नये. तुकडे आतून शिवायचे, मग पिशवीसारखे उलटवायचे. लाकडाचे दोऱ्यासारखे बारीक किसलेले तंतू काठीने ठासून भरायचे. कोठे सैल राहिले तर महिन्याभरात अस्वलाची मान कलंडते. भरण्याची फट हाताने शिवून बंद करायची. डोळ्यांच्या जागी बुटांची काळी बटणे बसवायची, नाक व नख्या दोऱ्याने भरायच्या. डोळा अर्धे बोट वर गेला की अस्वल भोळे दिसते, खाली आला की रागीट. इतक्या साऱ्यात यंत्राला शिवणीपलीकडे जागा नाही. आमच्या वाड्यातले कुटुंब हाच प्रश्न घेऊन बसले होते. हात वाढवायचे, पण शिकलेले हात एका रात्रीत आणायचे कोठून?

गिंगेनला ते आणता आले, कारण तेथे ते पंचवीस वर्षांपूर्वीपासून तयार होत होते. बाईंनी परकर शिवायच्या दिवसांतच घरोघर काम देण्याची घडी बसविली होती. बाईने सामान घरी न्यायचे, आपले घरकाम सांभाळून ते शिवायचे, शिवलेले परत आणायचे आणि शिवणीप्रमाणे मजुरी घ्यायची. आसपासच्या खेड्यांतल्या बायांना सुई धरायला शिकवावे लागले नाही. शिवणकाम जितके म्हणून घराबाहेर सोडता येईल तितके सोडले. पण नमुना कोणता, माप काय, माल कोणता आणि तयार झालेले खेळणे पास की नापास, हे कारखान्याच्या चार भिंतींच्या आतच राहिले.

आपल्याकडच्या एका उदाहरणाची येथे आठवण होते. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातूनच पुढे लिज्जतचा एवढा मोठा व्याप उभा राहिला. तेथेही पीठ एका ठिकाणी मळतात, लाटणे घरोघर होते आणि वाळलेले पापड परत आणून वजनाने व नजरेने तपासून घेतात. पिठाची चव केंद्रात, लाटणे बाहेर, हा विचार गिंगेनच्या विचाराचा सख्खा भाऊ म्हणावा. मात्र एक मोठा भेद आहे. लिज्जतमध्ये लाटणारी बाई त्या व्यवसायाची भागीदार असते; गिंगेनची शिवणारी बाई भागीदार नव्हती. ह्या भेदाकडे आम्हांला पुन्हा यायचे आहे.

चारशे माणसे बसवायची कोठे, हा पुढला प्रश्न. रिखार्डने १९०३ साली जी इमारत उठविली ती आजही पाहणाऱ्याला थक्क करते. तीन मजले, लोखंडाचा सांगाडा, आणि भिंतींच्या जागी वरपासून खालपर्यंत काच, तीही दुहेरी. वास्तुकलेतली काचेची म्हणून जी नामांकित घरे मागाहून जर्मनीत झाली त्यांच्या आधीची ही आहे. रिखार्डच्या डोक्यात मात्र वास्तुकला नसावी. शिवणाऱ्याला उजेड लागतो, आणि उजेड जितका जास्त वेळ मिळेल तितके काम जास्त व डोळ्यांना त्रास कमी, इतकाच साधा हिशेब दिसतो. दिवसभर त्या काचेच्या पेटीत शेकडो तरुण मुली मान घालून बसलेल्या रस्त्यावरून दिसत. गावच्या टवाळांनी त्या इमारतीचे नाव ‘कुमारिकांचे मत्स्यालय’ असे ठेवले. उन्हाळ्यात आत उकडे, म्हणून पडदे लावावे लागत. पुढे १९०४ व १९०८ साली अशाच आणखी इमारती झाल्या, त्यांचा सांगाडा मात्र लाकडी केला. लोखंडाऐवजी लाकूड घेण्यात काटकसर होती. भरभराटीच्या ऐन गर्दीतही कोणीतरी खर्चाची वही उघडी ठेवून बसले होते, हे ह्यावरून दिसते.

अस्वलही तसेच राहिले नाही. दोरीने जोडलेले हातपाय सैल पडत. म्हणून दोरीच्या जागी तार आली, तारेच्या जागी धातूची सळई, आणि १९०५ च्या सुमारास पुठ्ठ्याच्या चकत्यांचे सांधे. अस्वल लहान झाले, हलके झाले, मऊ झाले, स्वस्त झाले. जड आहे, महाग आहे, हा आत्याचा आक्षेप पुतण्याने अशा रीतीने तीन वर्षांत निकालात काढला. घरातल्या वडील माणसाने घेतलेली हरकत अपमान न मानता कामाला लावली तर काय होते, त्याचा हा नमुना आहे. आमच्याकडील एकत्र कुटुंबांतल्या धंद्यांत असे घडलेले आम्ही फार क्वचित पाहिले.

एवढा नावलौकिक झाल्यावर नकला होणारच. तेव्हा दुसरा पुतण्या फ्रान्ट्स ह्याने युक्ती काढली, की प्रत्येक खेळण्याच्या कानाला धातूचे एक बटण बसवावे. नोव्हेंबर १९०४ पासून ती अंमलात आली. पहिल्या बटणावर हत्तीचे चित्र होते, मागून घराण्याचे नाव आले. पूर्वी गिंगेनच्या बाजारात हत्ती विकत घेणाऱ्या आईला तो कोणी शिवला हे ठाऊक असे. शिवण उसवली तर ती सरळ बाईंच्या दारी येई. न्यूयॉर्कच्या आईला हे शक्य नव्हते. तिच्यापुढे मार्गारेटबाईंचा चेहरा नव्हता, म्हणून बटण आले. पण बटणाचे एक आहे. ज्याच्या कानात आपण आपले नाव ठोकतो त्याची मान कलंडली तर आपली कलंडते. १,८०० घरांत शिवलेल्या मालाला एकच बटण लावायचे म्हणजे प्रत्येक घरातली शिवण आपली म्हणण्याची जबाबदारी घ्यायची. तपासणी सैल करून बटण लावले असते, तर नकला करणाऱ्यांची गरजच उरली नसती.

१९०६ साली बाईंनी घरच्या धंद्याची मर्यादित जबाबदारीची कंपनी केली व पुतण्यांकडे कारभार रीतसर सोपविला. त्या तेव्हा साठीच्या आत होत्या. आपल्याकडे वडील माणूस डोळे मिटेपर्यंत किल्ल्या कमरेला ठेवतो आणि मग वाटणीच्या दाव्यात धंदा अर्धा जातो. बाईंनी किल्ल्या हयातीत दिल्या. कोणी आकृती काढायच्या, कोणी यंत्रे पाहायची, कोणी विक्री पाहायची, हे आधीच ठरून गेलेले होते.

इथवरची हकीगत ऐकून गिंगेनला सारे सुखातच चालले होते असा समज होण्याचा संभव आहे. म्हणून त्या काळच्या जर्मनीतले दुसरे चित्रही पुढे ठेवले पाहिजे. पहिल्या महायुद्धापूर्वी जगातल्या मुलांच्या हातात जी खेळणी होती त्यांचा फार मोठा भाग जर्मनीतून येई, आणि त्यातला पुष्कळसा घरी बसून काम करणाऱ्या कुटुंबांनी केलेला असे. थुरिंगियातल्या झोनेबर्ग ह्या बाहुल्यांच्या गावाभोवती आई, बाप आणि लहान मुले रात्री उशिरापर्यंत बाहुल्यांचे अवयव करीत आणि त्यांच्या हाती जेमतेम पोटापुरते पडे. १९०६ साली बर्लिनमध्ये घरकामगारांच्या मालाचे एक प्रदर्शन भरले होते. तेथे प्रत्येक वस्तूशेजारी ती करणाऱ्याला काय मजुरी मिळाली, किती तास लागले, हे लिहून ठेवले होते. सुंदर बाहुल्या पाहायला आलेले लोक त्या चिठ्ठ्या वाचून गप्प झाले. घरकामाविषयीचा कायदा जर्मनीत १९११ च्या अखेरीस झाला.

गिंगेनची गोष्ट झोनेबर्गची नव्हे. तेथे दलाल नव्हता, गिऱ्हाइकापर्यंत नाव पोचत होते, आणि मालाच्या प्रतीवर सारी भिस्त असल्यामुळे शिकलेल्या हातांची किंमत होती. पण घरी काम देण्याच्या पद्धतीत जो एक दोष मुळातच आहे तो तेथेही होताच. मागणी वाढली की घरे जोडता येतात; मागणी आटली की घरे तोडावी लागत नाहीत, नुसते काम पाठवायचे थांबते. कोणाला नोकरीवरून काढले असे होत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही. १९०७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या पेढ्यांवर संकट आले, अमेरिकन गिऱ्हाइकाने हात आखडता घेतला. शिवाय एव्हाना जर्मनीत व अमेरिकेत अस्वले करणारे पुष्कळ झाले होते. अस्वलांचा बहर ओसरू लागला. ९,७४,००० ह्या आकड्याची जेव्हा वाहवा होते तेव्हा त्याच्या पुढल्या वर्षी ज्या बाईच्या दारी सामान आले नाही ती आमच्या डोळ्यांपुढे येते. काचेच्या इमारतीतल्या मुली निदान रस्त्यावरून दिसत तरी होत्या. त्या घराने तेजी पेलली, ह्यात वाद नाही. पण तेजीचा भार घेतलेल्या बावीसशे माणसांपैकी अठराशेंच्या वाट्याला मंदीचा पहिला धक्का येणार हे त्या रचनेतच लिहिलेले होते. ह्याला दुसरा मार्ग होता का? भागीदारीचा होता. तो गिंगेनला कोणाला सुचला नाही, आणि त्या काळी सुचता तर नवलच.

घर मात्र टिकले. त्याचे कारण अस्वल हे त्यांचे एकुलते एक लेकरू नव्हते. हत्ती होते, माकडे होती, कापडी बाहुल्या होत्या. १९०९ साली रिखार्डने मोठा पतंग बाजारात आणला आणि तोही खपला. आमच्या वाड्यातल्या मंडळींना दिवाळी संपल्यावर विकायला दुसरे काही नव्हते.

९ मे १९०९ रोजी मार्गारेटबाई न्यूमोनियाने वारल्या. त्यांच्यामागे कंपनी पुतण्यांनी चालविली, महायुद्धात परदेशची गिऱ्हाइके तुटली ती सोसली, आणि तो धंदा आज शंभरांहून अधिक वर्षांनीही चालू आहे. अलीकडे, एकविसाव्या शतकाच्या आरंभी, खर्च कमी पडतो म्हणून त्यांनी खेळण्यांचा काही भाग चीनमध्ये करायला दिला होता. २००८ च्या सुमारास त्यांनी तो परत आणायचे ठरविले. हवी तशी प्रत मिळत नव्हती, नवशिक्या हातांना तयार करावे तो ते दुसरीकडे जात, आणि मालाला यायला फार वेळ लागे, अशी कारणे दिली गेली. शिवणे बाहेर द्यावे पण नजर बाहेर देऊ नये, हे आत्याच्या वेळी खुर्चीत बसून होत होते; नजर आणि शिवण ह्यांत अर्ध्या पृथ्वीचे अंतर पडल्यावर ते कठीण झाले.

गिंगेनला आता ह्या खेळण्यांचे संग्रहालय आहे. काचेची इमारतही उभी आहे. पहिल्या वर्षांतली जुनी अस्वले लिलावात येतात तेव्हा श्रीमंत लोक त्यांच्या कानातले बटण भिंगाखाली धरून पाहतात. रिखार्डने दोरीने सांधलेले ते पहिले, जड, आत्याला न आवडलेले अस्वल मात्र कोणाच्याही संग्रहात नाही. लाइप्त्सिगच्या जत्रेत ज्या तीन हजारांची मागणी नोंदली गेली, त्यांपैकी एकही कोठे सापडलेले नाही.